दोनदा सरकवलेलं बटण

ज्या माणसाच्या तोंडात कायम सात-आठ टाचण्या असतात, त्याच्याशी भांडण करता येत नाही. आमच्या नाटक मंडळीच्या कपड्यांच्या खोलीत एकेचाळीस वर्षं काम करणाऱ्या बाईंशी कुणाचं कधी वाजलं नाही, त्याचं कारण इतकं साधं आहे. आम्ही त्यांना टाचणीबाई म्हणायचो. समोरच्या माणसाच्या अंगावर कपडा चढवायचा, ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक काढत तो कपडा जागच्या जागी बसवायचा आणि समोरचा काही बोलला की नुसतं 'हं' म्हणायचं.

हे 'हं' तीन प्रकारचं होतं. आखूड 'हं' म्हणजे ठीक आहे, पुढे चला. लांबवलेलं 'हं' म्हणजे तुम्ही म्हणताय तर तसं असेलही. आणि नाकातून आलेलं 'हं' म्हणजे घरी जाऊन पुन्हा विचार करा. आमचे दिग्दर्शक समीक्षकांना घाबरत नसत, या तिसऱ्या 'हं'ला घाबरत.

ही खोली रंगमंचाच्या मागे, लाकडी जिना उतरून डाव्या हाताला. आम्ही तिला कपडेपट म्हणतो. एक लांब टेबल, दोन शिलाई मशिनं, वाफेची इस्त्री, दांड्यांवर ओळीनं टांगलेले सरदार, भिकारी, वकील आणि परिचारिका. डांबराच्या गोळ्यांचा आणि गरम कापडाचा वास. मी आयुष्यभर राजांच्या भूमिका केल्या, पण राजा व्हायचो ते या खोलीत, एका उंच स्टुलावर हात पसरून उभा असताना. टाचणीबाई मला 'राजे' म्हणायच्या. त्यात आदर किती आणि थट्टा किती हे मी कधी विचारलं नाही.

त्या आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. पलीकडच्या गल्लीत सदऱ्यांच्या कारखान्यात काज करायच्या. आमचा शिंपी ऐन प्रयोगाच्या दिवशी आजारी पडला, म्हणून कुणीतरी त्यांना एका दुपारपुरतं बोलावून आणलं. ती दुपार अजून संपलेली नाही. मधल्या काळात त्यांचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मुलगा कपड्यांच्या पेटाऱ्यात झोपून लहानाचा मोठा झाला. आता तो आमच्याकडेच नेपथ्याचा सुतार आहे. आईसारखाच अबोल, फक्त त्याच्या तोंडात टाचण्यांऐवजी खिळे असतात.

टाचणीबाईंचे नियम ठरलेले होते. पहिला, वहीत माप लिहिल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. नुसतं बटण सरकवायचं असलं तरी आधी टेप, मग पेन्सिल, मग तारीख. मंडळीतल्या प्रत्येकाचं त्या जाड वहीत एक पान होतं. दुसरा नियम, प्रत्येक शिवणीत आत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवायचं. शिंपी लोक त्याला माया म्हणतात. पुढे कधी कपडा सैल करावा लागला तर तेवढं कापड कामी येतं. आणि तिसरा नियम सगळ्यात कडक. कपडा घट्ट झाला तर गुपचूप उसवून सैल करायचा आणि अंगात घालणाऱ्याला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

"नट भोळा असतो," त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. टाचण्या नेमक्या संपल्या होत्या म्हणून बोलल्या. "कंबर वाढली असं सांगितलं की तो प्रवेशात श्वास ओढून उभा राहतो आणि वाक्य विसरतो. त्यापेक्षा मी रात्रीतून दोन टाके उसवलेले बरे."

"माझ्यावर कधी वेळ आली नाही ती," मी म्हणालो. "तिशीत शिवलेला कोट मला अजून बसतो."

"हं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या प्रकारचं.

त्यांची सून आमच्याकडे दिव्यांचं काम बघते. प्रेक्षागृहाच्या मागे, काचेच्या खिडकीआड, अंधाऱ्या खोपटात बसून ती आमच्या चेहऱ्यांवर सकाळ आणि संध्याकाळ टाकते. मोठी बोलकी. सासूच्या वाटचं सगळं बोलणं हिच्याकडे आलेलं. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले, आणि पहिल्याच सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे बघत सांगितलं, एक नाही, दोन आहेत.

त्या दिवशी तालीम झाली नाही. सुतार स्टेजवर उभा राहून एकाच फळीत सोळा खिळे मारत होता. कुणी त्याला थांबवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी अभिनंदन केलं, पण त्याच भेटीत एक गोष्ट स्पष्ट सांगितली. पहिलं बाळंतपण, आणि त्यात जुळं. अशा वेळी बाईचा रक्तदाब एकाएकी चढण्याचा, लघवीतून प्रथिनं जाण्याचा धोका एकट्या बाळापेक्षा दोन-तीन पट असतो. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, प्रीएक्लॅम्पसिया. सुनेनं ते घरी येईपर्यंत पाठ केलं, आणि मग महिनाभर आम्हाला ते भरभर म्हणायला लावून ती हसत असे. एक अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी रोज झोपताना घ्यायला दिली होती. "यानं धोका कमी होतो, संपत नाही," असं बजावलं होतं. दर दोन आठवड्यांनी तपासणी. आणि धोक्याच्या लक्षणांचा एक छापील कागद. त्यावर लिहिलं होतं की यातलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता निघून यायचं.

तो कागद टाचणीबाईंनी कपडेपटातल्या फळ्यावर लावला. सगळ्यांना दिसावा म्हणून अगदी मधोमध, चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारून.

सुनेसाठी त्यांनी एक काळा सदरा शिवला. दिव्यांवर काम करणाऱ्यांना काळंच घालावं लागतं, अंधारात दिसू नये म्हणून. पोटाशी दोन्ही बाजूंना चुण्या, आत भरपूर माया. पाचव्या महिन्यात एकदा सैल केला, सहाव्यात एकदा, सातव्यात दोनदा. सून आरशासमोर उभी राहून म्हणायची, "आई, आता मला सदरा नको, पडदाच गुंडाळा." टाचणीबाई 'हं' म्हणून पेन्सिल उचलायच्या. घरात आणि मंडळीत सगळ्यांचं एकच पालुपद होतं. पाय दुखतात? जुळं आहे, दुखणारच. धाप लागते? जुळं आहे, लागणारच. चप्पल होत नाही? जुळं आहे. हे दोन शब्द म्हटले की पुढचा विचार करायचं काम उरत नसे.

आठवा महिना लागला आणि आमच्या जुन्या नाटकाचा प्रयोग पुन्हा उभा राहिला. मला त्यात म्हाताऱ्या राजाचं छोटंसं काम होतं, एक प्रवेश आणि चार वाक्यं. नवीन कपड्यांची चित्रं आली आणि टाचणीबाईंनी ती फळ्यावर लावली. एकावर एक, जशी जागा मिळेल तशी. शनिवारी पहिला प्रयोग, शुक्रवारी दुपारी चारला रंगीत तालीम. सुनेनं बसून करायचं काम आहे म्हणून दिवे आपणच सांभाळायचे ठरवलं होतं. दहा दिवसांपूर्वीच्या तपासणीत सगळं ठीक होतं, पुढची तारीख सोमवारची होती.

शुक्रवारी तीनच्या सुमारास मी स्टुलावर उभा होतो. अंगात तो तिशीतला कोट, जरीची किनार, छातीवर खोट्या सोन्याची बटणं. टाचणीबाई माझ्या पाठीशी काहीतरी करत होत्या. कोटाला काय करायचं आहे ते सांगत नव्हत्या, आणि मला विचारायची सवय नव्हती.

सून आत आली. जिना उतरताना तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"आई, हे मनगटाचं बटण परत लागत नाही हो. दुसरं कुठलं तरी लावा. नाहीतर नाडीच लावा, म्हणजे कटकट मिटेल."

"हं," टाचणीबाई म्हणाल्या, आणि माझी पाठ सोडून तिच्याकडे वळल्या.

"बसा की सूनबाई," मी म्हटलं. "डोळे का चोळताय?"

"तो नवीन दिवा आणलाय ना, मेला. सारखं त्याच्याकडे बघून डोळ्यांपुढे ठिणग्या उडतात. सकाळपासून चालू आहे."

"दिवा लागला किती वाजता?" मी विचारलं.

"दुपारी लावला." ती थांबली. मग म्हणाली, "कालचा राहिला असेल डोळ्यांत."

मी हसलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. ती सांगत होती आणि मी हसलो.

टाचणीबाईंनी टेप तिच्या मनगटाभोवती गुंडाळला, वहीतलं तिचं पान काढलं आणि पेन्सिल टेकवली. मग पेन्सिल तशीच राहिली. त्या वहीकडे बघत होत्या. मी स्टुलावर उंच असल्यामुळे मलाही ते पान दिसत होतं. सहा वर्षांपूर्वी, लग्नाचे कपडे शिवतानाचं मनगट, सहा इंच. गेल्या महिन्यातही सहाच. मंगळवारी सव्वासहा, बटण सरकवलं. गुरुवारी साडेसहा, बटण सरकवलं. आणि आता टेप सातवर टेकला होता. शेजारी पोटाचं माप मात्र मंगळवारी जेवढं, तेवढंच गुरुवारी.

त्यांनी तोंडातली एक टाचणी काढली आणि उशीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. एकेचाळीस वर्षांत कपडा अंगावर अर्धा लागलेला असताना त्यांनी तोंड रिकामं केलेलं मी पाहिलं नव्हतं. सगळ्या निघाल्यावर त्या बोलल्या.

"माणूस मनगटात जाड होत नाही."

"आई, जुळं आहे, सूज येणारच की."

"पायाला येते. बोट-बोट करत, हळूहळू येते. एका दिवसात अर्धा इंच मनगटाला नाही येत. डोकं दुखतंय?"

"थोडं."

"कधीपासून?"

"काल सकाळपासून. गोळी घेतली, जात नाही. झोप नाही झाली हो, बाकी काही नाही. इथे बरगडीखाली वरचं बाळ पाय रोवून बसलंय, रात्रभर." तिनं उजव्या बाजूला हात ठेवला.

टाचणीबाई फळ्याकडे गेल्या. राजकन्येच्या झग्याचं चित्र वर केलं, त्याखालचं सेनापतीचं वर केलं, त्याखालचं दासीचं. मग तो छापील कागद सापडला, चारही टाचण्या जागच्या जागी. आपणच मधोमध लावलेला आणि आपणच झाकलेला. त्यांनी तो वाचला. हात आणि चेहरा एकाएकी सुजणं. न थांबणारी डोकेदुखी. डोळ्यांपुढे चमकणं. उजव्या बरगडीखाली दुखणं. त्या एकेका ओळीवर बोट ठेवत होत्या, जसं वहीतल्या मापांवर ठेवतात.

"चपला घाल," त्या म्हणाल्या.

"आत्ता? चारला तालीम आहे."

तेवढ्यात दिग्दर्शक डोकावले. "काय, दिवे तयार का?"

"दिवे दवाखान्यात चाललेत," टाचणीबाई म्हणाल्या.

"म्हणजे? अहो बाई, उद्या प्रयोग आहे. चार तासांचा प्रश्न आहे. तालीम संपली की लगेच गाडी देतो."

सूनही तेच म्हणत होती. चार तास, आई. चार तासांनी काय होणार आहे. तिला खरोखर तसं वाटत होतं. आम्हा नाटकवाल्यांना लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं, ताप असो, घरात काही झालेलं असो, पडदा वर जायचा. मी स्वतः तुटलेल्या पायावर अंक पार पाडलेला आहे आणि ती गोष्ट पुढच्या पिढीला अभिमानानं सांगितलेली आहे. ते सगळं त्या खोलीत आमच्याबरोबर उभं होतं.

टाचणीबाईंनी दिग्दर्शकांकडे पाहिलं. "एकेचाळीस वर्षांत मी तुम्हाला कधी नाही म्हटलंय?"

"नाही."

"मग आज म्हणते. नाही."

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. सुताराला हाक गेली. तो हातोडी घेऊनच धावत आला. दारात टॅक्सी मिळाली. मी पुढे बसलो, कारण मला टॅक्सीत बसवलं गेलं, कोटासकट. तो अंगातून काढायचा तर अठ्ठावीस टाचण्या काढाव्या लागल्या असत्या आणि तेवढा वेळ कुणाकडे नव्हता. प्रत्येक वळणावर त्यातली एक मला टोचत होती. मी हूं की चूं केलं नाही.

दवाखान्याच्या दारातल्या पहारेकऱ्यानं आम्हाला पाहिलं. जरीच्या कोटातला म्हातारा राजा, हातोडी घेतलेला सुतार, गळ्यात टेप घातलेली बाई आणि काळ्या सदऱ्यातली गरोदर मुलगी.

"पेशंट कोण?" त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता.

आतल्या परिचारिकेनं मात्र सुनेच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता दंडाला पट्टा बांधला. आकडा बघितला. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा बांधला. वरचा एकशे बहात्तर, खालचा एकशे दहा. लघवी तपासली, त्यात प्रथिनं भरपूर. मग एकदम तिथली हालचाल बदलली. कुणी पळालं नाही, कुणी आवाज चढवला नाही, पण सगळी माणसं एका दिशेला चालू लागली. ते बघून मला धीर आला. उत्तम बसलेला प्रयोग असाच दिसतो.

"राजेसाहेब," परिचारिका मला म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. दरबार नंतर भरवू."

बाहेर बाकावर टाचणीबाई शेजारी बसल्या. वही मांडीवर होती. दोन्ही हातांनी त्या ती उघडत आणि मिटत होत्या. तोंडात एकही टाचणी नव्हती.

"मी दोनदा बटण सरकवलं, राजे," त्या अखेर म्हणाल्या. "मंगळवारी आणि गुरुवारी. माप माझ्या हातानं लिहिलं. पोरीला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. घट्ट झालं की सैल करायचं, एवढंच येतं मला."

  मी त्यांच्या हातातली वही धरून ठेवली, म्हणजे त्यांना हात मोकळे मिळाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या थेट या दोघांशी, आई आणि मुलाशी, बोलल्या. रक्तदाब उतरवायचं औषध चालू केलं आहे. झटके येऊ नयेत म्हणून सलाइनमधून मॅग्नेशियम जातंय, त्यानं तिला अंगात ऊब भरल्यासारखं होईल, घाबरू नका. बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून एक इंजेक्शन आज, एक उद्या. जमतील तेवढे तास मिळवायचे. पण या आजारावर खरा उपाय एकच, बाळंतपण, आणि ते लवकर करावं लागेल.

"मागच्या आठवड्यात तर सगळं चांगलं होतं," सुतार म्हणाला. हातोडी अजून हातात होती.

"हा आजार तारखा पाळत नाही. म्हणून तर तो कागद देतो."

"माझ्यामुळे झालं का?" टाचणीबाईंनी विचारलं. "तिला बसवून ठेवलं, कामाला पाठवलं, खायला..."

"नाही. कुणामुळे नाही. याची सुरुवात वारेपासून, म्हणजे प्लासेंटापासून होते. जुळ्यांत वारेचा पसारा मोठा, म्हणून धोका जास्त. नेमकं का होतं ते आम्हालाही अजून सगळं कळलेलं नाही." मग त्यांची नजर वहीवर गेली. "हे काय आहे?"

टाचणीबाईंनी पान उघडून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं, वरून खाली, तारखांसकट.

"सूज पुष्कळ जणींना येते, बाई. नुसत्या सुजेवरून आम्हीही काही ठरवत नाही, रक्तदाबच बघावा लागतो. पण एका दिवसात अर्धा इंच, आणि वर डोकं दुखणं आणि डोळ्यांपुढे ठिणग्या. तुम्ही चार तास थांबला असतात तर कदाचित तिला झटका आला असता, आणि मग मी तुमच्याशी इतक्या निवांत बोलत उभी राहिले नसते. उशीर झाला असं म्हणू नका. वेळेत आलात."

टाचणीबाई 'हं' म्हणाल्या. हे चौथ्या प्रकारचं होतं. मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळपर्यंत वेळ मिळाला. मग रक्तातल्या प्लेटलेटचे आकडे घसरू लागले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता नाही थांबायचं. अकराच्या सुमारास शस्त्रक्रियेचं दार उघडलं आणि आतून आधी एक आवाज आला, बारीक, रागीट. थोड्या वेळानं दुसरा, त्याहून बारीक आणि त्याहून रागीट. एक मुलगी, एक मुलगा. ती पावणेदोन किलोची, तो दीड. दोघंही काचेच्या पेटीत गेली, पण श्वास आपापला घेत होती. त्या दुसऱ्या इंजेक्शनची किमया, असं परिचारिका म्हणाली. आणि सून शुद्धीवर होती. बाहेर आणली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "तालमीला दिवे कुणी लावले?"

"कुणी नाही," सुतार म्हणाला. "प्रयोग आठ दिवस पुढे ढकललाय."

"अरे वा," ती म्हणाली आणि झोपली. तिच्या नवऱ्यानं तेव्हा कुठे हातोडी खाली ठेवली.

मी बाकावर बसलो आणि मला एकदम जाणवलं की माझे खांदे दोन दिवस कानापर्यंत चढलेले होते. तो कोट त्या दिवशी मीच दवाखान्यात घेऊन आलो होतो, टाचणीबाईंच्या हाताला काहीतरी काम असावं म्हणून. त्यांनी पिशवीतून कात्री काढली आणि पाठीची शिवण उसवायला घेतली.  कोटाचं अस्तर उलटं झालं आणि मला आतली शिवण दिसली. एका शिवणीशेजारी जुन्या सुयांच्या भोकांची रांग. तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. मी मोजल्या. सात होत्या.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुम्ही."

"सात वेळा?"

"पाठीत सात. कंबरेत नऊ." त्यांनी उरलेल्या कापडावर बोट ठेवलं. करंगळीएवढंही उरलं नव्हतं. "आता आत काही नाही, राजे. यापुढे तुमचं तुम्हीच बघा."

एकेचाळीस वर्षं मी सांगत आलो होतो, तो कोट मला अजून बसतो. सगळ्यांनी ते ऐकून घेतलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मी हसायला लागलो, त्या हसायला लागल्या, आणि दवाखान्याच्या त्या बाकावर आम्ही दोघं म्हातारी माणसं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. परिचारिका दोनदा डोकावून गेली. त्यातलं कितीतरी पाणी कोटासाठी नव्हतं.

बाळंतपण झालं म्हणजे आजार संपला असं नसतं, हेही आम्ही शिकलो. चौथ्या दिवशी सुनेचा रक्तदाब पुन्हा चढला. डॉक्टरीणबाईंनी तो धरला, गोळ्या बदलल्या आणि घरी जाताना सांगितलं, सहा आठवडे रोज मोजायचा, आणि डोकं दुखलं तर तसंच यायचं. टाचणीबाईंनी मोजायचं यंत्र आणलं. वहीतल्या सुनेच्या पानावर, मनगटाच्या त्या आकड्याखाली, रोज सकाळ-संध्याकाळ दोन आकडे पडू लागले.

"आई, आज राहू दे ना, छान वाटतंय मला," सून म्हणायची.

"छान तुला मंगळवारीही वाटत होतं," सासू म्हणायची. "दंड पुढे कर."

सून मला म्हणाली, "काका, टाचण्या होत्या तेच बरं होतं." पण दंड पुढे करायची.

पोरं साडेचार आठवड्यांनी घरी आली. तोवर सुनेचे आकडे एकशे वीसच्या आसपास स्थिरावले होते. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, पुढे काही? त्यांनी सांगितलं की वर्षाकाठी रक्तदाब तपासत राहा, कधी पुन्हा दिवस गेले तर पहिल्याच भेटीत हे सगळं सांग. "पुन्हा?" सून म्हणाली. "डॉक्टर, आधी ही दोन तरी झोपू देत."

हे होऊन आता सात महिने झाले. परवा मी कपडेपटात गेलो. पोरं कपड्यांच्या पेटाऱ्यात शेजारी शेजारी झोपली होती, जिथे त्यांचा बाप झोपायचा तिथेच. वहीत त्यांची दोन नवी पानं निघाली होती, मापं पेन्सिलीनं, तारखेसकट. फळा मोकळा होता. त्यावर मधोमध तो छापील कागद, आणि त्याच्यावर दुसरं काही लावायचं नाही म्हणून सुतारानं त्याला चारी बाजूंनी लाकडी चौकट ठोकली होती. खिळे सोळा. मी मोजले.

टाचणीबाई आमच्या नव्या नायिकेच्या झग्याला किनार लावत होत्या. तिला म्हणाल्या, "कंबर दोन बोटं वाढली आहे. काही नाही, चांगली दिसतेस, पण सांगून ठेवते." नायिका पाच मिनिटं रुसली आणि मग गाणं गुणगुणत वर गेली. वाक्य विसरली नाही. टाचणीबाईंचा तिसरा नियम असा मोडीत निघाला आणि मंडळी अजून चालू आहे.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे.

"राजे, मोजे काढा."

"कशाला?"

"काढा."

घोट्याच्या वर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उमटला होता. त्यांनी त्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. वर्षभरापूर्वी त्यांनी गुपचूप माझे मोजे सैल केले असते.

"उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन या," त्या म्हणाल्या. "सुतार येईल बरोबर. हातोडी न घेता."

मी गेलो. तपासलं, हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं. फार काही निघालं नाही. एक गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं, आणि रोज अर्धा तास चालायला. परत येऊन मी त्यांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी वहीतलं माझं पान काढलं, एकेचाळीस वर्षांचं, आणि सगळ्यात खाली लिहिलं, एकशे अडतीस, ब्याऐंशी. तारीख घातली. मग उशीतल्या टाचण्या एकेक करून ओठांत धरल्या आणि मला स्टुलावर चढायची खूण केली.

"चालेल ना?" मी हात पसरत विचारलं.

"हं," त्या म्हणाल्या. आखूड.